‘कोणतेही’ शिसे : अमेरिकेत मुलांच्या डर्ट बाइकची विक्री कशी अडकली

१० फेब्रुवारी २००९. अमेरिकेतल्या मोटरसायकल डीलरांनी त्या दिवशी ५० सीसीच्या छोट्या डर्ट बाइक (मातीच्या वाटांवर चालवायच्या मोटरसायकली) आणि मुलांच्या चारचाकी एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालवायच्या गाड्या) शोरूममधून मागच्या गोदामात ढकलल्या. गाड्यांमध्ये बिघाड नव्हता आणि कुणाची तक्रारही नव्हती. आदल्या दिवशीपर्यंत कायदेशीर असलेला माल त्या दिवसापासून विकायला बंदी होती, एवढेच. कारण होते शिसे, आणि त्याचे मूळ होते खेळण्यांत.

शिशाच्या रंगावर अमेरिकेने १९७८ मध्येच मर्यादा घातली होती. पण तो नियम रंगापुरता, म्हणजे वरच्या थरापुरता होता. २००७ च्या उन्हाळ्यात चीनमध्ये तयार झालेल्या लाकडी आगगाड्या आणि बाहुल्या शिशाच्या रंगामुळे लाखोंनी परत मागवाव्या लागल्या आणि ग्राहक सुरक्षा आयोगावर चहूकडून टीका झाली. पुढच्या वर्षी निवडणूक होती. जुलै २००८ मध्ये नवा कायदा कनिष्ठ सभागृहात ४२४ विरुद्ध १ आणि वरिष्ठ सभागृहात ८९ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. १४ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांची सही झाली. इतक्या एकमताने झालेला कायदा फार बारकाईने वाचला गेला असेल, असे वाटत नाही.

कायद्याने रंगाच्या आत जाऊन वस्तूच्या प्रत्येक भागातले शिसे मोजायचे ठरवले. १२ वर्षे व त्याखालील मुलांसाठी मुख्यतः बनवलेल्या कुठल्याही वस्तूच्या कोणत्याही भागात १० फेब्रुवारी २००९ पासून ६०० पीपीएम (दहा लाख भागांत ६०० भाग), १४ ऑगस्ट २००९ पासून ३०० पीपीएम आणि दोन वर्षांनी, तांत्रिकदृष्ट्या जमत असेल तर, १०० पीपीएम. बंदी उत्पादनावर नव्हे, विक्रीवर होती. आयोगाच्या कायदा विभागाने सप्टेंबर २००८ मध्ये मत दिले की दुकानात आधीच पडून असलेला मालही यात येतो. त्यामुळे जुन्या बाइकच काय, त्यांचे सुटे भाग विकायलाही काही डीलर कचरू लागले. नियम मोडल्यास दंडाची कमाल रक्कम एका प्रकरणमालिकेला १.५ कोटी डॉलरपर्यंत नेली होती. राज्यांच्या महाधिवक्त्यांनाही खटले भरण्याचा अधिकार होता. हा दुसरा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

आता बाइकमध्ये शिसे असते कुठे? टायरच्या पितळी व्हॉल्व्हमध्ये, स्पोकच्या निपलमध्ये, कार्बोरेटरच्या जेटमध्ये, ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत आणि बॅटरीच्या टर्मिनलवर. टर्मिनल तर शिशाचेच. भोसरी-चाकणकडे ट्रॉबवर, म्हणजे ऑटोमॅटिक लेथवर, पिना काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही : शिसेवाली ईएन-वन-ए (पोलादाची एक जात) सळई लावली की चिप तुटून पडते, टूल टिकते, काम झपाट्याने होते. अशा पोलादात ०.३५ टक्क्यांपर्यंत, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत ०.४ आणि पितळात ४ टक्क्यांपर्यंत शिसे असू शकते. पीपीएममध्ये हेच आकडे ३,५००, ४,००० आणि ४०,००० होतात. कायद्याची मर्यादा होती आधी ६००, मग ३००. एका छोट्या व्हॉल्व्हपायी अख्खी गाडी बेकायदा.

कायद्यात सुटकेची खिडकी ठेवलेली होती, आणि खरा घोळ तिथेच झाला. आयोग एखाद्या वस्तूला सूट देऊ शकत होता, पण अट अशी की नेहमीच्या वापरात, आणि अंदाज बांधता येईल अशा गैरवापरातही, तिच्यातले ‘कोणतेही’ शिसे मानवी शरीरात शोषले जाता कामा नये. शिवाय सार्वजनिक आरोग्यावर वा सुरक्षेवर ‘अन्य कोणताही’ वाईट परिणाम होता कामा नये. सगळे भांडण या ‘कोणतेही’ शब्दावर येऊन ठेपले. उद्योगाने विनंतीअर्जात गणित मांडले : मूल ब्रेकचा लिव्हर धरेल, हात तोंडाला लावेल, तरी पोटात जाणारे शिसे रोजच्या अन्नपाण्यातून जाते त्यापेक्षा कमी. गणित मान्य केले तरी उत्तर शून्य येत नाही. आणि कायद्याला शून्यच हवे होते. म्हणजे आपला बचाव मांडताना अर्जदारांनी स्वतःच कबूल केले की थोडे का होईना, शिसे जाते.

मजकूर वेगळ्या रीतीनेही वाचता आला असता. पुढच्या कलमात ‘अन्य’ वाईट परिणाम म्हटले आहे, म्हणजे आधीचे शोषण हाही ‘वाईट परिणाम’ म्हणूनच मोजायचा, केवळ रेणूंची मोजदाद म्हणून नव्हे. मला हे वाचन जास्त सयुक्तिक वाटते. पण शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच, हे बालरोगतज्ज्ञांचे आणि ग्राहक संघटनांचे म्हणणेही हवेतले नव्हते, आणि एका वस्तूला दार उघडले की दागिने, काचमणी, पितळी खेळणी रांग लावतील ही त्यांची भीतीही खरी ठरली. काचमण्यांचा अर्ज त्याच वर्षी आला आणि फेटाळला गेला. नोव्हेंबर २००९ मध्ये खेळण्यातल्या मोटारीच्या चाकांतल्या पितळी बुशिंगचा अर्जही ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळला गेला.

एप्रिल २००९ मध्ये बाइकचा अर्ज आयोगाच्या तेव्हाच्या दोनच सदस्यांपुढे आला. त्यांनी सूट नाकारली, पण अंमलबजावणीला स्थगिती दिली. कारणही लिहून दिले : मुलांच्या मापाची गाडी मिळाली नाही तर मूल मोठ्यांच्या गाडीवर बसेल, आणि तो धोका शिशाच्या धोक्यापेक्षा गंभीर आणि लगेचचा आहे. म्हणजे वस्तू बेकायदा, पण आम्ही पकडणार नाही. १२ मे २००९ ला प्रसिद्ध झालेल्या स्थगितीत वर दिलेले तेच आकडे, ०.३५, ०.४ आणि ४ टक्के, मर्यादा म्हणून घातले होते, आणि बॅटरी टर्मिनलला पूर्ण मोकळीक होती. मुदत १ मे २०११ पर्यंत, पुढे वाढवून त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत. मात्र आयोगाने हात आवरले म्हणून राज्यांच्या महाधिवक्त्यांचे हात बांधले जात नव्हते. त्यामुळे स्थगितीनंतरही काही उत्पादक आणि डीलर या गाड्यांपासून दूरच राहिले.

त्याच्या आधी, मार्चमध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या शर्यतपटूने आपल्या डीलरशिपमध्ये जाहीर कार्यक्रम करून मुलांच्या गाड्या मुद्दाम विकल्या होत्या. येऊन पकडा, असा तो पवित्रा होता. विरोधाला चेहरा मिळाला तो तिथून.

आता ज्या गोष्टीने मला हा विषय आवडतो ती. त्याच कायद्यात दुसरे एक कलम एटीव्हीसाठी होते. त्याची मुळे १९८० च्या दशकात : तीनचाकी एटीव्ही उलटून इतके मृत्यू झाले की १९८८ मध्ये मोठ्या उत्पादकांनी न्यायालयीन संमतीनाम्याने त्यांची विक्री थांबवली आणि इंजिनावरून वय ठरवायला मान्यता दिली. ७० सीसीच्या वर १२ पुढील, ९० च्या वर १६ पुढील. संमतीनामा दहा वर्षांनी संपला, पुढे स्वेच्छेने चालू राहिले. २००७ च्या उद्योगमानकाने सीसी सोडून कमाल वेग धरला, आणि सहा, दहा, बारा वर्षे अशा ‘वाय’ (यूथ, म्हणजे मुलांच्या) श्रेण्या आल्या. २००८ च्या कायद्याने हे मानक सक्तीचे केले आणि तीनचाकीची आयातच बंद केली. मानकाचा अंमल १३ एप्रिल २००९ पासून. म्हणजे मुलांच्या गाड्या कशा असाव्यात हे सक्तीने सांगणारे कलम लागू झाले, आणि त्याच महिन्यात त्याच कायद्याच्या शिशाच्या कलमातून त्यांना सूट नाकारली गेली. दुचाकी डर्ट बाइकना हे मानक लागूच नव्हते, त्यांच्या वाट्याला फक्त शिशाचे कलम आले.

‘१२ वर्षे व त्याखालील’ या शब्दांनीही बराच वेळ खाल्ला. ज्या गाडीच्या सीटची उंची जमिनीपासून पावणेदोन फूटही नाही आणि थ्रॉटलला वेग अडवणारा स्क्रू आहे, जो आई-वडील हळूहळू सैल करतात, ती मुलांची, यात वाद नाही. पण ‘बारा पुढील’ लिहिलेली ११० सीसीची गाडी? वय उत्पादकाच्या लेबलवरून, जाहिरातीवरून आणि लोक ती कुणाची समजतात यावरून ठरणार होते. काहींनी लेबलवरचे वय वाढवून सुटका शोधली असती, तर मूल तेच राहिले असते.

मोंटानातल्या एका खासदाराने सूट देणारे विधेयक पुढे रेटले. शेवटी १२ ऑगस्ट २०११ ला दुरुस्ती कायदा झाला. मुलांच्या रस्त्याबाहेरच्या वाहनांना शिशाच्या मर्यादेतून सरळ वगळण्यात आले. सायकलींना ३०० पीपीएम ठेवले, वापरलेल्या वस्तू सुटल्या, आणि १०० पीपीएमची नवी मर्यादा जुन्या साठ्याला लागू होणार नाही असे स्पष्ट केले. सर्वसाधारण सुटीची भाषाही बदलली : ‘कोणतेही शोषण’ गेले आणि त्या जागी ‘मोजता येण्याजोगा वाईट परिणाम’ आला. कनिष्ठ सभागृहात मत पडले ४२१ विरुद्ध २, तीन वर्षांपूर्वी मूळ कायद्याला पडले होते त्याहून फारसे वेगळे नाही.

बाइकवरच्या रंगाला मात्र ९० पीपीएमची मर्यादा आजही आहे, ती सुटलेली नाही. आणि ‘वाय’ श्रेण्यांचे कलम आता ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आयात एटीव्हींवर वापरले जाते. सहा वर्षांच्या मुलासाठी म्हणून विकलेली, पण वेगमर्यादक काढल्यावर ताशी १५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरच्या वर जाणारी गाडी, सस्पेन्शनच नसलेली गाडी, असे आक्षेप आयोगाच्या इशाऱ्यांत पुन्हापुन्हा येतात.