न मारता आटोक्यात आणलेला रक्तकर्करोग

कर्करोगाच्या पेशी नष्ट करायच्या, मग ते शस्त्रक्रियेने असो, किरणांनी असो किंवा विषारी औषधांनी, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की याहून वेगळा काही उपचार असू शकतो हे चटकन पटत नाही. शांघायच्या रुइजिन रुग्णालयातील रक्तरोगतज्ज्ञ वांग झेन्यी यांच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न होता. रक्ताच्या कर्करोगातील पेशी ही पुष्कळदा वाढ अर्ध्यावर खुंटलेली पेशी असते. मग तिला मारण्याऐवजी तिची राहिलेली वाढ पूर्ण करून दिली, तर ती आपोआप शहाण्या पेशीसारखी वागून, आपले आयुष्य संपवून, मरून जाणार नाही का? या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांना वयाच्या साठीपर्यंत थांबावे लागले.

हा प्रश्न ज्या आजारात सुटला तो म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, ज्याला डॉक्टर मंडळी थोडक्यात एपीएल म्हणतात. आपल्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत पांढऱ्या पेशी टप्प्याटप्प्याने तयार होतात. यांपैकी प्रोमायलोसाइट ही मधली पायरी असून या टप्प्यावर पेशीच्या अंगात जांभळट कण ठासून भरलेले असतात. एपीएलमध्ये पेशी याच पायरीवर अडकतात, पुढे जात नाहीत आणि मज्जेत त्यांचीच गर्दी होते. नॉर्वेचे डॉक्टर लाइफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये तीन रुग्णांच्या नोंदींवरून हा वेगळा आजार असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांचे मुख्य निरीक्षण होते रोगाचा झपाटा आणि रक्तस्राव. या पेशींतून बाहेर पडणारे पदार्थ रक्त गोठण्याची सगळी यंत्रणाच विस्कटून टाकतात. हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उठतात, आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर सगळे काही तासांत संपते. रसायनोपचारांमुळे पेशी फुटल्या की हा रक्तस्राव आणखी भडकण्याची भीती असे. म्हणजे औषध द्यावे तरी पंचाईत, न द्यावे तरी पंचाईत.

वांग यांचा जन्म १९२४ चा, शांघायमधलाच. ते सात वर्षांचे असताना त्यांची आजी विषमज्वराने गेली आणि ‘या रोगाला औषध का नाही?’ हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला, असे ते सांगत आले आहेत. फ्रेंच जेझुइटांनी चालवलेल्या ऑरोरा विद्यापीठातून ते १९४८ मध्ये डॉक्टर झाले. त्यांच्या तरुणपणीचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. कोरियन युद्धाच्या काळात चीनच्या ईशान्य भागात त्यांच्याकडे खोकल्यातून रक्त पडणारे सैनिक येत असत आणि त्यांच्यावर क्षयरोग समजून उपचार चालू होते. वांग यांनी या सैनिकांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली, थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि हा क्षय नसून अर्धेकच्चे गोड्या पाण्यातील कवचधारी जीव खाल्ल्याने फुप्फुसात शिरलेल्या कृमींचा त्रास आहे, हे दाखवले. रुग्णाला आधी नीट ऐकायचे आणि मग काचपट्टीकडे पाहायचे, ही सवय त्यांनी पुढेही सोडली नाही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ल्युकेमियाचा विभाग त्यांच्या हाती आला. त्या काळी त्यांच्याजवळ असलेल्या औषधांनी फारसे कोणी वाचत नव्हते. मग राजकीय उलथापालथीची वर्षे आली आणि संशोधन जवळजवळ ठप्पच झाले. १९७८ च्या सुमारास पुन्हा वाचन सुरू झाले तेव्हा इस्रायलमधील लिओ साक्स यांचे काम त्यांच्यासमोर आले. उंदरांच्या ल्युकेमिया पेशींना योग्य पदार्थ दिले तर त्या प्रौढ पेशी बनू शकतात, असे साक्स यांनी दाखवले होते. वांग आणि त्यांचे विद्यार्थी एकामागून एक रसायने घेऊन मानवी पेशींवर ती तपासू लागले. त्यातच १९८० च्या सुमारास अमेरिकेतील थिओडोर ब्राइटमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील पेशींवर रेटिनॉइक आम्लाचा असाच परिणाम होत असल्याचे प्रसिद्ध केले. रेटिनॉइक आम्ल हे अ जीवनसत्त्वाचेच एक रूप.

इथे नशिबाचा एक भाग आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. या आम्लाच्या रेणूची एकाहून अधिक रूपे असतात: अणू तेच, मांडणी थोडी वेगळी. पाश्चात्त्य देशांत डॉक्टरांच्या हाती प्रामुख्याने तेरा-सिस हे रूप होते. शांघायच्या औषध कारखान्यात मात्र त्वचारोगांसाठी तयार होत होते ते ऑल-ट्रान्स रूप, आणि वांग यांना तेच मिळाले. एपीएलच्या पेशींवर याच रूपाचा प्रभाव कितीतरी अधिक पडतो, हे नंतर स्पष्ट झाले.

१९८५ मध्ये पहिली रुग्ण आली. पाच वर्षांची मुलगी, तापाने फणफणलेली, रक्तस्राव होत असलेली, संसर्गाने खंगलेली. ती होती वांग यांच्या बालरोगतज्ज्ञ पत्नीच्या रुग्णालयात. रसायनोपचारांचा उपयोग होत नव्हता. माणसाच्या ल्युकेमियासाठी ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्लाची गोळी तिथे आधी कोणी दिलेली नव्हती आणि सहकाऱ्यांनी धोक्याची जाणीवही करून दिली, तरी घरच्यांच्या संमतीने वांग यांनी ती सुरू केली. आठवड्याभरात ताप उतरू लागला आणि काही आठवड्यांत रोगाची लक्षणे मागे हटली. ती मुलगी मोठी झाली.

एका रुग्णावरून मात्र काही सिद्ध होत नाही. १९८८ मध्ये या गटाने ‘ब्लड’ या संशोधनपत्रिकेत २४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ जणांचा रोग केवळ या औषधाने पूर्णपणे मागे हटला होता. पण आकड्यांपेक्षाही काचपट्टीवर दिसलेली एक गोष्ट अधिक महत्त्वाची होती. एपीएलच्या बिघडलेल्या पेशींत ऑअर दांड्या नावाच्या बारीक लालसर काड्या असतात, कधी कधी तर मोळीसारख्या एकत्र बांधलेल्या, आणि निरोगी पेशीत त्या कधीच आढळत नाहीत. उपचार चालू असताना रुग्णाच्या रक्तात पूर्ण वाढ झालेल्या, अनेक खंडांचे केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी दिसू लागल्या, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात त्याच काड्या होत्या. म्हणजे रोगट पेशी मरून त्यांच्या जागी निरोगी पेशी आल्या, असे घडलेले नव्हते. ज्या पेशी बिघडल्या होत्या त्याच मोठ्या झाल्या होत्या, जुनी खूण अंगावर बाळगून. वाल्याचा वाल्मीकी झाल्याचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो.

हे असे का घडते, याचा उलगडा थोड्या उशिराने झाला. एपीएलमध्ये १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांच्या गटाने १९७७ मध्येच दाखवले होते. १९९० च्या आसपास पॅरिसमधील आणि इतर गटांनी या सांध्यावर कोणती जनुके जुळतात ते शोधले, तेव्हा त्यांतले एक जनुक निघाले रेटिनॉइक आम्ल ओळखणाऱ्या प्रथिनाचेच! जोडून तयार झालेले विकृत प्रथिन पेशीला मोठे करणाऱ्या जनुकांना कुलूप लावून बसते. औषधाच्या मात्रेत रेटिनॉइक आम्ल दिले की ते कुलूप उघडते आणि प्रथिनही मोडीत निघते. औषध आधी आणि कारण मागून, असा हा उलटा प्रवास. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील लॉरां दगो यांच्याशी वांग यांचे जुने संबंध होते, त्यांचे विद्यार्थी चेन झू त्याच ठिकाणी शिकत होते, आणि त्यामुळे शांघायचे निष्कर्ष लवकरच युरोपात पडताळून पाहिले गेले.

अडचणी राहिल्याच. एकटे हे औषध दिले तर बहुतेकांचा रोग काही महिन्यांत उलटे. एकदम पिकू लागलेल्या पेशींमुळे काही रुग्णांना ताप, धाप आणि फुप्फुसात पाणी असा धोकादायक त्रास होई. त्यावर स्टेरॉइड द्यावे लागते. रोग उलटू नये म्हणून सोबत रसायनोपचार द्यायची पद्धत पडली.

त्यातून सुटका केली ती एका जुन्या विषाने. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात, तो आर्सेनिक ट्रायऑक्साइड. चुकलेला मजकूर खोडण्यासाठी पोथ्यांवर फासला जाणारा हरताळ हाही आर्सेनिकचाच एक खनिज प्रकार, त्यामुळे ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार वापरताना आपण नकळत याच मूलद्रव्याचे नाव घेत असतो. हार्बिनमधील डॉक्टर झांग तिंगदोंग यांनी १९७० च्या दशकात एका गावठी औषधातील सोमल, पारा आणि बेडकाचे विष वेगवेगळे करून पाहिले आणि गुण सोमलात असल्याचे ओळखले. वांग यांच्या शांघाय गटाने त्यावर नीट अभ्यास केला, तेव्हा कळले की रेटिनॉइक आम्ल त्या विकृत प्रथिनाच्या एका टोकाला धरते, तर सोमल दुसऱ्या टोकाला. एकच प्रथिन, दोन्ही बाजूंनी कोंडीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांमध्ये, या जोडीवर दोन वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण रोग न उलटता हयात होते. रेटिनॉइक आम्ल आणि रसायनोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९८ पासून नव्या रुग्णांना एकट्या सोमलावर बरे करण्याचा प्रयत्न केला आणि ७२ रुग्णांपैकी सुमारे ८६ टक्के रुग्णांचा रोग पूर्णपणे मागे हटला.

वांग यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे चीनमध्ये गोळी स्वस्त राहिली. २०२४ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, त्यांना देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

आज एपीएलने जे दगावतात, त्यांतले बरेच जण पहिल्या काही दिवसांतच, औषधाचा परिणाम सुरू होण्याआधी रक्तस्रावाने जातात. म्हणून अनुभवी डॉक्टर गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबत नाहीत. रक्ताच्या काचपट्टीवर काड्यांच्या मोळ्या दिसल्या आणि संशय आला, की ते त्याच संध्याकाळी पहिली गोळी देऊन टाकतात.