आकडा एकाच्याच ताब्यात

‘आठ कोअर म्हणजे आठपट वेग’ ही मोबाइलच्या दुकानात ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. काम या कोअरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांमध्ये, वाटून देता आलं तरच वेग वाढतो, आणि खरी मेख त्या वाटणीतच आहे.

समजा, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात येणारे भाविक मोजायचे आहेत. चार दरवाजे, चार थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) आणि मेमरीत एकूण आकडा एकच. महाद्वाराच्या थ्रेडनं ५०० वाचला, त्याच क्षणी घाटी दरवाजाच्या थ्रेडनंही ५०० वाचला. दोघांनी एक मिळवला, दोघांनी ५०१ लिहिला. माणसं दोन आली, मोजलं गेलं एकच! हीच रेस कंडिशन. क्षण जुळला तरच ती घडते, म्हणून पुन्हा तपासताना सापडत नाही. अशा वेळी सर्व्हरपाशी लिंबू-मिरची टांगून काही होणार नाही. दोष सामायिक आकड्यात आहे.

आकड्याला लॉक लावता येतं, म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं. पण दोन थ्रेडनी दोन लॉक उलटसुलट क्रमानं धरले, की दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू शकतात.

१९७३ साली कार्ल ह्यूइट, पीटर बिशप आणि रिचर्ड स्टायगर यांनी वेगळी वाट मांडली: अ‍ॅक्टर, म्हणजे आपली माहिती स्वतःकडेच ठेवणारा आणि फक्त निरोपांवर चालणारा प्रोग्रॅमचा छोटा भाग. आकडा एकाच अ‍ॅक्टरच्या ताब्यात. बाकीच्यांनी त्याच्या मेलबॉक्समध्ये निरोप टाकायचे. तो एका वेळी एकच निरोप हाताळतो, त्यामुळे वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये कुणी घुसू शकत नाही. मात्र निरोप ‘एक वाढव’ असाच हवा. दरवाजानं आधी ‘आकडा सांग’ विचारून मग ‘५०१ लिही’ कळवलं, तर जुनीच रेस मागच्या दारानं परत येते. मला या रचनेतली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नवशिके इथंच चुकतात.

टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग यांनी १९८६ च्या सुमारास सुरू केलेल्या अर्लांग भाषेत असे अ‍ॅक्टर अतिशय हलके असतात. सुरुवातीला प्रत्येकाला दोन-तीन किलोबाइट मेमरी पुरते, म्हणून एका यंत्रावर लाखो अ‍ॅक्टर नांदतात. अ‍ॅक्टरच्या प्रत्येक फंक्शन कॉलगणिक (कामाच्या छोट्या टप्प्यागणिक) ‘रिडक्शन’ ही कामाची एककं मोजली जातात. ती सुमारे ४००० झाली, की शेड्युलर (कोअरवर कुणाची पाळी हे ठरवणारा भाग) त्या अ‍ॅक्टरला बाजूला ठेवून दुसऱ्याला संधी देतो. कुणी एकटाच कोअर अडवून बसत नाही.

पण निरोप हाताळण्यापेक्षा येण्याचा वेग जास्त झाला, तर मेलबॉक्स फुगून मेमरी संपते. त्यासाठी प्रत्येक दरवाजाला स्वतःचा अ‍ॅक्टर द्यावा. त्यानं आपल्यापुरती बेरीज करून सेकंदाला एकदाच ‘इतके वाढव’ असं मुख्य अ‍ॅक्टरला कळवावं.