चित्रणाचा सातबारा

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की मुंबईतल्या वृत्तवाहिन्यांत एक मागणी हमखास येते: "निसर्गचे व्हिज्युअल्स काढा रे!" 3 जून 2020 रोजी हे 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या दिवसाचं आणि नंतरच्या पंचनाम्यांचं चित्रण झालेलं आहे, प्रश्न आहे तो ते सापडण्याचा. शोधाच्या चौकटीत नुसतं 'निसर्ग दिवेआगर' टाकलं, तर वादळच वर येईल असं नाही. सुरूचं बन, ओल्या वाळूवर धावणारी पोरं आणि उकडीच्या मोदकांचं ताट घेऊन 'निसर्गरम्य दिवेआगर' हजर होईल. वादळाचं नाव सुचवलं होतं बांगलादेशानं. कोकणावरच्या मराठी कार्यक्रमात हा शब्द दर दोन वाक्यांनी येतो, हे त्यांना कुठून माहीत असणार!

असले गुंते सोडवण्यासाठी प्रसारणाच्या जगात जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला 'मीडिया अ‍ॅसेट मॅनेजमेंट' म्हणतात. बोलताना नुसतं 'मॅम'. प्रेक्षकाला ते कधीच दिसत नाही, आणि आत काम करणाऱ्यांपैकीही अनेकांना ते म्हणजे एक भलीमोठी हार्ड डिस्क वाटते. ते तसं नाही. जमीन सड्यावर नाहीतर मळ्यात असते, तिचा सातबारा दप्तरात असतो. क्षेत्र किती, नावं कुणाची, बोजा कसला, कधी कुणाकडे गेली, हे सगळं त्या कागदावर. मॅम हे चित्रणाचं दप्तर आहे. फाइल एखाद्या सर्व्हरवर, टेपवर किंवा दुसऱ्याच शहरात पडून असते. मॅमकडे तिची नोंद असते, आणि नोंदीवरून फाइलपर्यंत जायची वाट.

स्ट्रिंगर, म्हणजे वाहिनीला कामापुरतं चित्रण पुरवणारा बातमीदार, कॅमेऱ्यातून कार्ड काढतो तेव्हा त्यातल्या क्लिपांची नावं सी0001, सी0002 अशी असतात. कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणजे वाहिनीकडे सी0001 नावाच्या फाइलींचा ढीग साचणार. म्हणून मॅम फाइलच्या नावावर विसंबत नाही. चित्रण आत घेताना, म्हणजे 'इन्जेस्ट' करताना, प्रत्येकाला ते एक स्वतंत्र ओळखक्रमांक देतं. प्रसारणात रुळलेल्या एमएक्सएफ प्रकारच्या फाइलींत तर असा 32 बाइटचा क्रमांक फाइलच्या पोटातच लिहिलेला असतो, त्यामुळे बाहेरचं नाव कुणी बदललं तरी ओळख पुसली जात नाही. शिवाय फाइलमधल्या एकूण एक बिटवर गणित करून तिचा ठसा काढतात. एमडी5 या पद्धतीत हा ठसा 32 अक्षर-अंकांचा असतो. फाइल वीस जीबीची असो, तिच्यातला एक बिट उलटला तरी ठसा पार बदलतो. चिपळूणहून निघालेलं चित्रण मुंबईत धड पोचलं का, हे दोन्हीकडचे ठसे ताडून कळतं. कुणी डोळे फोडून बघत बसत नाही.

पण आधी ते पोचायला हवं. प्रसारणाच्या दर्जाचं एचडी चित्रण अनेक ठिकाणी सेकंदाला 50 मेगाबिट या दराने साठवतात. तासाभराचे होतात 22.5 जीबी. वादळात टॉवर पडलेले, दोन दिवस वीज नाही, आणि जिथे रेंज मिळते तिथून फाइल वर चढण्याचा वेग धरा सेकंदाला 4 मेगाबिट. या वेगाने ते तासाभराचं चित्रण पाठवायला साडेबारा तास लागतील. इथे कामाला येते 'प्रॉक्सी', म्हणजे त्याच चित्रणाची हलकी, कमी दर्जाची प्रत. सेकंदाला दीड मेगाबिटची प्रॉक्सी तासाला 675 एमबी भरते आणि त्याच नेटवरून साडेबावीस मिनिटांत मुंबईला जाते. तिथला संपादक प्रॉक्सी बघतो, छप्पर उडालेली शाळा आणि बागायतदाराचा 'बाइट', म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, असा मिळून वीस सेकंदांचा तुकडा निवडतो, आणि मॅम मूळ फाइलमधून तेवढाच तुकडा मागवतं. 125 एमबी, जेमतेम चार मिनिटांचं काम.

हे जमतं टाइमकोडमुळे. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला 25 फ्रेमचं असतं, आणि प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा पत्ता असतो. 00:14:32:07 असं लिहिलं असेल तर चौदा मिनिटं बत्तीस सेकंदांवरची 7 क्रमांकाची फ्रेम. फ्रेमची मोजणी शून्यापासून सुरू होऊन 24 ला संपते. अख्ख्या दिवसाच्या 21 लाख 60 हजार फ्रेमपैकी दोघींचा पत्ता एक नसतो. प्रॉक्सी आणि मूळ फाइल यांचा टाइमकोड तंतोतंत जुळणं म्हणूनच फार महत्त्वाचं. एक बारीक अडचण मात्र राहते. जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक पूर्ण साठवतात, पुढच्या काही फ्रेमचा फक्त फरक साठवतात. त्यामुळे हव्या त्या फ्रेमपासून सुरी लावता येत नाही. सॉफ्टवेअर मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत हटतं, तिथून तुकडा उचलतं आणि वरचं जास्तीचं मग कापतं.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो, आणि कोकणात जमीन घेणारा शहाणा माणूस आधी तोच वाचतो. चित्रणाच्या नोंदीतही तो रकाना आहे. ड्रोनचे शॉट गावातल्या कुणा पोरानं एकदाच वापरायला दिले असतील, एखाद्या वृत्तसंस्थेची दृश्यं ठरावीक मुदतीपुरतीच घेतली असतील, एखाद्या क्लिपमधला चेहरा न्यायालयाच्या आदेशानं झाकायचा असेल. मुदत संपली की चांगलं मॅम ती फाइल एडिटच्या टाइमलाइनवर येऊच देत नाही. फेरफारही इथे असतात. मूळ चित्रण, त्यातून कापलेली बातमी, तीच बातमी पाट्यांसह, पाट्यांशिवाय, मग अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात बसवलेली. कुठला तुकडा कुठून आला ही साखळी तुटली की मालकीचा वाद उभा राहिलाच म्हणून समजा.

इथवरचं सगळं यंत्र बिनचूक करतं. दिवेआगरचं चित्रण मोदकांच्या ताटाखाली दबतं ते वर्णनाच्या रकान्यात, आणि तिथे मराठी लिहावी लागते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी या रकान्याचा विचार सगळ्यात कमी केलेला दिसतो.

'किनाऱ्यावर' हा शब्द घ्या, किंवा पावसात गावोगाव भरून वाहणारा 'पऱ्या' घ्या. यातला तो तिरपा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवलेला सापडतो. एका पद्धतीत ऱ, यूनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतमालेतला क्रमांक 0931, आणि पुढे हलन्त. दुसरीत साधा र, क्रमांक 0930, पुढे हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एका कळफलकावर टाइप केलेली नोंद दुसऱ्या कळफलकावरून शोधणाऱ्याला मिळत नाही. यूनिकोडच्या ठरलेल्या नियमांनी केलेल्या साफसफाईतही हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम लिहून द्यावा लागतो. यूनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या नोंदींची गत तर याहून वाईट. आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट गेला की मजकूर गेला.

त्यावर आपली विभक्ती. चिपळूण शोधलं तर 'चिपळुणात पाणी शिरलं' मिळत नाही, कारण दीर्घ ऊचा ऱ्हस्व उ झाला. वेंगुर्ले, वेंगुर्ला आणि वेंगुर्ल्यात ही तीन रूपं एकाच गावाची आहेत हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. मे 2021 मधल्या वादळाचं नाव कुणी तौक्ते लिहिलं, कुणी ताउते, कुणी तौते. यावर उपाय आहे, आणि तो जुनाच आहे, ग्रंथपालांचा: ठरलेल्या शब्दांची यादी. वर्णन हवं तसं लिहा, पण ठिकाण आणि घटना यादीतून निवडा. केंद्र सरकारच्या यादीत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक आहे, तो जोडला की नाव कसंही लिहिलेलं असो, गाव एकच राहतं. कॅमेऱ्यानं अक्षांश-रेखांश नोंदवले असतील तर सोन्याहून पिवळं. आणि दिनांक! 'निसर्ग' या शब्दापुढे 3 ते 15 जून 2020 एवढी चाळण लावली तरी मोदकाचं ताट गळून पडतं. अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तर. आतली छोटी बॅटरी उतरली की कित्येक कॅमेरे कारखान्यातल्या तारखेवर परत जातात, आणि मग जूनचं वादळ खुशाल 1 जानेवारीला नोंदलं जातं.

अलीकडे हे काम यंत्रावर सोपवायची घाई दिसते. बोलणं ऐकून ते आपोआप लिहून काढणारी प्रणाली मॅमला जोडतात, बाइटमधला शब्द न् शब्द शोधता येतो, आणि प्रमाण मराठीपुरतं ते बऱ्यापैकी चालतं. पण देवगड-मालवणकडचा बागायतदार कॅमेऱ्यासमोर सांगतो, "माड पडलो." मालवणीत याचा अर्थ माड पडला. पुण्या-मुंबईच्या मराठीवर शिकलेलं यंत्र 'पडलो' ऐकतं आणि पडणारा माणूस बोलणाराच, असा अर्थ लावू शकतं. सारांशात वयस्क शेतकरी कोसळला, आणि माड उभाच! संगमेश्वरी, आगरी, चित्पावनी यांची वेगळी कथा नको. माझं मत विचाराल तर यंत्रानं लिहावं जरूर, पण नोंदीवर 'तपासलं' अशी खूण माणसाशिवाय कुणी करू नये.

साठवणीबद्दल कोकणाला वेगळं शिकवायला नको. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जुलैत हवेतला दमटपणा 80-90 टक्क्यांवर असतो. जुन्या चुंबकीय टेपांत, विशेषतः 1970-80 च्या दशकातल्या, चुंबकीय कण फितीला धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर असे. तो हवेतलं पाणी शोषतो, त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि फीत चिकट होते. अशी टेप मशीनवर चढवली की ती किंचाळते, आणि मशीनच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राप बसतो. तो राप म्हणजेच तिच्यावरचं चित्रण! साधारण 50 ते 55 अंशांवर काही तास सावकाश शेकली तर ती तात्पुरती कोरडी होते, आणि तेवढ्या अवधीत डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. शिमग्याच्या पालख्या, नमन, जाखडी, दशावतार असं काही ज्यांच्याकडे अशा टेपांवर असेल, त्यांनी फार वाट बघू नये.

गंमत अशी, की आजच्या दीर्घ साठवणीतही टेपच आहे. एलटीओ नावाच्या अर्धा इंची टेपच्या 2021 मध्ये आलेल्या नवव्या पिढीत एका काडतुसात 18 टीबी मावतात, म्हणजे वर सांगितलेल्या दर्जाचं 800 तासांचं चित्रण. कपाटात उभ्या केलेल्या टेपला वीज लागत नाही आणि व्हायरसही तिच्यापर्यंत पोचत नाही. रोजचं चित्रण डिस्कवर, जुनं होत जाईल तसं टेपवर, ही हलवाहलव मॅम करतं. नवव्या पिढीचं यंत्र मात्र मागची एकच पिढी वाचतं. म्हणून दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवायचं, उतरवताना प्रत्येक फाइलचा ठसा पुन्हा ताडायचा आणि नोंद बदलायची, हे कायमचं काम होऊन बसतं.

प्रती किती, यापेक्षा कुठे, हा प्रश्न मोठा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीनं चिपळूणची बाजारपेठ बुडवली. एकच पाऊस दोन्हीकडे गाठू शकत असेल तर त्या दोन प्रतींचा उपयोग काय? जपाननं याचा वेगळा धडा घेतला. मार्च 2011 च्या त्सुनामीत सेंदाईजवळचा सोनीचा टेपचा कारखाना सापडला आणि एचडी कार्यक्रमांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका टेपचा जगभर तुटवडा पडला. टेप सोडून फाइलींकडे वळायला चालढकल करणाऱ्या अनेकांचा निर्णय त्या तुटवड्यानं केला. आणि काहीही न बुडता, न जळता चित्रण कसं जातं याचं उदाहरण नासाचं आहे. जुलै 1969 मध्ये चंद्रावरून आलेल्या मूळ सिग्नलच्या टेपा शोधूनही मिळाल्या नाहीत. त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासानं 2009 मध्ये जाहीर केलं. टेपांची टंचाई होती.

या दप्तराचा एक नवा उपयोग हल्ली दर पावसाळ्यात होतो. वाशिष्ठीचं पाणी जरा चढलं की व्हॉट्सअ‍ॅपवर 'आत्ताचं चिपळूण' फिरू लागतं, आणि त्यातल्या काही क्लिपा 2021 च्याच निघतात. इथे एमडी5 चा ठसा कुचकामी, कारण व्हॉट्सअ‍ॅपनं फाइल दाबून लहान केलेली असते आणि आतले बिट बदललेले असतात. त्यासाठी वेगळ्या जातीचा ठसा लागतो. चित्र अगदी लहान, करडं करायचं, उजेड-अंधाराची ढोबळ ठेवण तेवढी टिपायची. दर्जा घसरला, कडा थोड्या कापल्या गेल्या तरी ही ठेवण फारशी बदलत नाही. शेकडो फ्रेमच्या अशा ठशांची रांग दप्तरातल्या रांगांशी लावून बघतात आणि जुळलं तर मूळ क्लिप, टाइमकोड आणि दिनांक समोर येतो. चित्र आरशासारखं उलटवलं असेल तर पुष्कळदा हा ठसाही फसतो, म्हणून उलट्या प्रतीचा ठसा वेगळा काढून तोही ताडतात. बरोबर लागलं की डेस्क ती क्लिप टाकून देतो, किंवा कोपऱ्यात 'संग्रहित' अशी पाटी चढवून चालवतो.