हरलेल्याची बाजू : जपानी प्रेम-मांगात मागे राहणाऱ्यांचा इतिहास

चिका उमिनो यांच्या 'हनी अँड क्लोव्हर' या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, एक प्रसंग आहे. दारू चढलेल्या आयुमी यामादाला मायामा पाठुंगळी घेऊन घरी पोहोचवतो आहे आणि ती त्याच्या खांद्यावर मान टाकून पुन्हा पुन्हा सांगते आहे की तू मला आवडतोस. मायामा दर वेळी फक्त "हं" म्हणतो. त्याचा जीव रिका नावाच्या, नवरा गमावलेल्या दुसऱ्याच बाईत अडकलेला आहे. यामादाला ते ठाऊक आहे, आणि तिला ते ठाऊक आहे हे मायामालाही ठाऊक आहे. त्या "हं"मध्ये नकार आहे, माया आहे आणि लाजही आहे. ही पानं वाचून सहज पुढे सरकणं मला तरी कधी जमलेलं नाही.

प्रेमकथेत दोघं एकत्र आले की बहुतेक वेळा तिसरं कुणी मागे राहतं. जपानी मांगाच्या वाचकांनी त्या तिसऱ्या माणसावर जेवढा जीव लावला तेवढा फार थोड्या कथापरंपरांत कुणी लावला असेल. ही माया आपोआप आलेली नाही. तिच्यामागे जुनी काव्यरुची आहे, मासिकांचा व्यवहार आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मांगाचं पान मांडण्याची एक विशिष्ट रीत आहे.

आधी जुनी गोष्ट. 905 च्या सुमारास सम्राटाच्या आज्ञेवरून 'कोकिनशू' हा काव्यसंग्रह तयार झाला. त्याच्या वीस भागांपैकी अकरावा ते पंधरावा हे पाच भाग प्रेमाचे. त्यांची सुरुवात भेटीपासून होत नाही. जिला अजून धड पाहिलेलंही नाही तिच्यासाठी झुरण्यापासून होते. पुढे 960 मध्ये सम्राट मुराकामीच्या दरबारात एक काव्यस्पर्धा झाली. एका फेरीचा विषय होता मनात लपवलेलं प्रेम. ताइरा नो कानेमोरी आणि मिबु नो तादामी यांच्या कविता इतक्या तोडीस तोड होत्या की परीक्षकाला निवाडा करता येईना. शेवटी सम्राट कानेमोरीची ओळ पुटपुटताना ऐकू आला आणि कौल तिकडे गेला. त्या दुःखाने तादामीने प्राण सोडला अशी आख्यायिका आहे. मात्र 'ह्याकुनिन इश्शू' या शंभर कवींच्या संग्रहात दोन्ही कविता आल्या, चाळिसावी आणि एकेचाळिसावी. हरलेली कविता जिंकलेलीच्या शेजारी बसली. आज कारुता हा खेळ याच शंभर कवितांच्या पत्त्यांनी खेळतात. त्या खेळावरची युकी सुएत्सुगु यांची 'चिहायाफुरु' ही मांगा 2007 ते 2022 अशी पंधरा वर्षं चालली. तिच्यातल्या ताइचीकडे पुढे येऊ.

पराभूताची बाजू घेण्याला जपानीत 'होगान-बीकी' असा खास शब्दच आहे. तो आला योशित्सुने या बाराव्या शतकातल्या योद्ध्यावरून. लढाया त्याने जिंकल्या आणि सत्ता मिळाली थोरल्या भावाला, ज्याने शेवटी त्याचा घात केला. लोकांनी जीव लावला तो धाकट्याला.

तरी मुलींच्या सुरुवातीच्या मांगात, म्हणजे शोजो मांगात, ही माया प्रेमातल्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. 1954 च्या अखेरीस 'नाकायोशी', 1955 मध्ये 'रिबोन', 1963 मध्ये साप्ताहिक 'मार्गारेट' अशी मासिकं-साप्ताहिकं निघाली. आधी त्यांत आई-मुलीची ताटातूट, अनाथ मुलगी, बॅले असे विषय चालत. प्रेमकथा साठच्या दशकात जोर धरू लागल्या. त्यांतली प्रतिस्पर्धी बहुधा श्रीमंत, कुरळ्या लांब बटांची आणि नायिकेच्या वाटेत काटे पेरणारी असायची. ती हरली की वाचणाऱ्या मुलीला बरं वाटावं, एवढ्यासाठीच तिची नेमणूक.

हे चित्र पालटलं सत्तरच्या दशकात. रियोको इकेदा यांची 'रोझ ऑफ व्हर्साय' 1972-73 मध्ये 'मार्गारेट'मध्ये आली. कथा मुळात फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतची. राणीच्या पहाऱ्यावरची, पुरुषासारखी वाढवलेली ऑस्कर ही इकेदांनी कल्पनेतून उभी केलेली व्यक्तिरेखा. वाचकांनी तिला असं डोक्यावर घेतलं की कथेचा केंद्रबिंदूच तिच्याकडे सरकला. आता ही ऑस्कर प्रेमाच्या हिशेबात कुठे उभी आहे ते पाहा. तिचं प्रेम फर्सन या स्वीडिश उमरावावर आणि फर्सनचं राणीवर. आयुष्यात एकदाच स्त्रीचा पोशाख घालून ती नाचाच्या समारंभाला जाते, फर्सनसोबत नाचते आणि निघून येते. तिच्या मागे सावलीसारखा आंद्रे, ज्याचं प्रेम तिला कितीतरी वर्षं दिसतच नाही. रोझालीही तिच्यावर जीव टाकते. आणि जेरोदेल, तिचाच सहकारी अधिकारी, तिला मागणी घालतो आणि तिचं मन ओळखून मागे हटतो. मागे हटणं एवढाच आपल्या प्रेमाचा पुरावा देता येतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वाट्याला पानं फार थोडी, पण त्या माघारीने तो लक्षात राहिला. एकाच कथेत इतकी माणसं न मिळालेल्या प्रेमात उभी आहेत, आणि त्यांच्यातलं कुणीही दुष्ट नाही.

सगळ्यांना मात्र अशी दया मिळाली नाही. क्योको मिझुकी यांचं लेखन आणि युमिको इगाराशी यांची चित्रं असलेली 'कँडी कँडी' 1975 ते 1979 'नाकायोशी'त चालली. रंगमंचावर वरून कोसळणाऱ्या दिव्यांपासून नायिका कँडीच्या प्रियकराला, टेरीला, वाचवताना सुझाना ही तरुण नटी पाय गमावते. तिचं टेरीवर प्रेम आहे. ती हिमवर्षावात छतावरून जीव द्यायला निघते तेव्हा तिला वाचवते ती कँडीच, आणि मग कँडी स्वतः बाजूला होते. लेखिकेने सुझानाला खलनायिका केलेलं नाही. तरी कितीतरी वाचकांनी तिला कधीच माफ केलं नाही, आणि मला त्याचं कारण पानांतच दिसतं. आपण सगळा वेळ कँडीच्या मनात राहतो. सुझानाच्या मनात पुरेसा वेळ कधी बसतच नाही.

याच वर्षांत शोजो मांगाने पानाची रचना बदलली होती. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा अशा, 1949 च्या आसपास जन्मलेल्या लेखिकांनी चौकटी मोडल्या आणि पात्राच्या मनातली वाक्यं बोलण्याच्या फुग्यातून बाहेर काढून कोऱ्या जागेत मोकळी सोडली. हे स्वगत कुणाला उद्देशून नसतं. ते फक्त वाचकाला ऐकू येतं. हागिओ यांच्या 1974 च्या 'हार्ट ऑफ थॉमस'मध्ये तर थॉमस हा मुलगा सुरुवातीलाच मरतो. मागे राहतं ते ज्याने त्याला झिडकारलं त्या युलीसाठी लिहिलेलं पत्र, आणि पुढची सगळी कथा त्या परत न आलेल्या प्रेमाच्या उजेडात चालते. वाचकांच्या मतपत्रिकांत ही मालिका सुरुवातीला तळाला होती आणि संपादकांना ती गुंडाळायची होती. हागिओ अडून राहिल्या म्हणून ती पूर्ण झाली.

माझ्या मते दुय्यम पात्राबद्दलच्या सहानुभूतीचा खरा उगम या स्वगतात आहे. एकदा ही सोय हाताशी आली की ती नायिकेपुरती राहिली नाही. प्रतिस्पर्ध्याला, बालमित्राला, नकार मिळालेल्या वर्गमैत्रिणीला एक पान स्वगत मिळालं की झालं. नायिकेला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत होतं, आणि मग तिच्या सुखाच्या प्रत्येक पानावर आपल्याला दुसऱ्याचंही काही आठवत राहतं.

मुलांच्या आणि मोठ्यांच्या मासिकांत ही वाट थोडी वेगळी गेली. तिथे कामाला आली ती मालिकेची लांबी. रुमिको ताकाहाशी यांची 'मेझॉन इक्कोकु' 1980 ते 1987 चालली. चमकत्या दातांचा टेनिस-शिक्षक मिताका सुरुवातीला निव्वळ नायकाच्या वाटेतला धोंडा आहे. पण सात वर्षं सोबत काढली की धोंड्यालाही चेहरा येतो. त्याला कुत्र्यांची भीती वाटते, ती तो जिद्दीने घालवतो, नायिका क्योकोची वाट पाहतो, आणि अखेर कुत्र्यांवरूनच झालेल्या एका गैरसमजापायी आसुनाशी लग्न करून बसतो. कोझुएची गोष्ट मला अधिक लागते. नायक गोदाईला स्पष्ट बोलणं जमत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं स्वतःला त्याची मैत्रीण समजत राहते. इझुमी मात्सुमोतो यांच्या 'किमागुरे ऑरेंज रोड'मध्ये (1984-87) हिकारूचं हेच होतं. 1988 च्या चित्रपटाने तर विनोद जवळजवळ दूर सारून हिकारूला मागे सोडण्याचा प्रसंगच कथेच्या मधोमध ठेवला. तो पाहताना नायक-नायिकेच्या मिलनाचा आनंद होत नाही.

जपानी वाचक अशा पात्राला 'आतेउमा' म्हणतात. घोड्यांच्या पैदाशीत घोडीची तयारी पाहण्यासाठी आधी जो घोडा पुढे आणतात आणि मग बाजूला नेतात, तो आतेउमा. कथेतलं त्याचं काम तेच आहे. त्याने मन उघड केलं की नायक दचकून जागा होतो आणि त्याला स्वतःचं मन कळतं. काम झालं की याने निघून जायचं. म्हणजे कथेची गाडी चालते ती एका माणसाच्या खऱ्या दुःखावर, आणि वाचकाला जी कळकळ वाटते तिच्यात दयेइतकाच अन्यायाचा राग असतो. हा फार सच्चा राग आहे, तो पोरकट समजू नये.

योको कामिओ यांच्या 1992 पासूनच्या 'हाना योरी दांगो'तला रुई हानाझावा हा या जातीचा सगळ्यात दूर पोहोचलेला पुरुष. आधी नायिका त्सुकुशीचं त्याच्यावर प्रेम, तेव्हा त्याचं शिझुकावर. त्याचं मन त्सुकुशीकडे वळतं तोवर तिची वाट दोम्योजीकडे लागलेली. या कथेवर 2001 मध्ये तैवानमध्ये, 2005 मध्ये जपानमध्ये आणि 2009 मध्ये कोरियात मालिका निघाल्या. कोरियन मालिकांच्या चाहत्यांत 'सेकंड लीड सिंड्रोम' हा, नायकापेक्षा मागे राहणाऱ्या दुसऱ्या नायकावर जीव जडण्याला दिलेला, शब्द रुजला, आणि आपल्याकडे कोरियन मालिका पाहणाऱ्यांच्या तोंडीही तो सर्रास असतो. त्या मालिकांतल्या या दुखण्याची एक ठळक मुळी शोजो मांगात आहे.

दोन हजार सालानंतर लेखिकांनी हा अन्याय ओळखून लिहायला सुरुवात केली. 'हनी अँड क्लोव्हर' (2000-06) मध्ये जवळजवळ प्रत्येकजणच दुसऱ्या कुणाचा तरी आतेउमा आहे. ताकेमोतोचं हागुवर प्रेम आहे आणि ते फळत नाही. न फळलेल्या प्रेमाला काही अर्थ होता का, हा प्रश्न तो शेवटी थेट विचारतो. टोकियो सोडताना हागुने दिलेल्या सँडविचमध्ये चार पानांची क्लोव्हर सापडतात, आणि त्याचं उत्तर 'होय' असं येतं. मिका यामामोरी यांच्या 'हिरुनाका नो र्यूसेइ'मध्ये (2011-14) नायिका सुझुमे शिक्षक शिशिओला सोडून वर्गातल्या मामुराला निवडते. ज्याने बाजूला व्हायचं तोच उरला. 'चिहायाफुरु'तला ताइची तर बालपणी प्रतिस्पर्धी अराताचा चष्मा लपवणारा मुलगा. तो पुढे मन मोकळं करतो, नकार घेतो, संघ सोडतो, परत उभा राहतो, आणि 2022 मध्ये शेवटी नायिका चिहाया स्वतः त्याच्याकडे येते. अराताचे चाहते दुखावले, साहजिकच.

मुलांच्या मासिकांनी वेगळे उपाय करून पाहिले. 'शोनेन जंप'मधल्या ताइशी त्सुत्सुइ यांच्या 'बोकुबेन'ने 2020 मध्ये एक शेवट दिला आणि मग उरलेल्या चार नायिकांनाही प्रत्येकी वेगळी समांतर कथा दिली. कुणी हरलंच नाही. हा उपाय मला पटत नाही. नकार पुसून टाकला की त्या मुलीने इतकी वर्षं जे सोसलं तेही पुसलं जातं. त्यापेक्षा ताकिबी आमामोरी यांची 2021 पासूनची 'माकेइने' ही कादंबरीमालिका प्रामाणिक आहे. ती नकार मिळालेल्या मुलींपासूनच सुरू होते. तिची मांगा निघाली आणि 2024 मध्ये ॲनिमेही, म्हणजे ॲनिमेशन मालिकाही, आला.

सर्वांत चांगलं काम मात्र कारुहो शिइना यांनी केलं. 'किमी नी तोदोके' 2017 मध्ये संपली. तिच्यातली कुरुमी सुरुवातीला नायिका सावाकोबद्दल अफवा पसरवते, नायक काझेहायाला मिळवण्यासाठी खोटं वागते. तिला नकार मिळतो. पण त्यानंतर शिइना तिला कथेतून हाकलत नाहीत. सावाको मागेमागे राहू लागली की तिला खडसावते ती कुरुमीच, आणि हळूहळू दोघींची मैत्री होते. 2018 मध्ये शिइनांनी कुरुमीलाच नायिका करून वेगळी मालिका सुरू केली. तिच्यासमोर उभा केला एइजी आकाहोशी. तो आला शिइनांच्याच आधीच्या 'क्रेझी फॉर यू'मधून, जिथे त्याचंही प्रेम फळलं नव्हतं. तीन खंडांची ती मालिका या दोघांचीच आहे, आणि कुरुमीच्या पहिल्या प्रेमाला तिच्यात कुठेही चूक म्हटलेलं नाही.