चाल ओळखीची लागली म्हणून ते कव्हर होत नसतंय

१४ जानेवारीला नामविस्तार दिनाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटसमोर गाण्याचे स्टेज लागतात आणि तिथून जो वाद सुरू होतो तो भीमजयंतीचा एप्रिल सरेपर्यंत मिटत नाही. एका स्टेजवर कोणीतरी आंबेडकरी चळवळीचे लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं वेगळ्याच चालीत गायलेलं असतं, तर ऐकणाऱ्यातला एकजण म्हणतो हे दादांचं गाणंच नाही, चाल बघा ना. पलीकडच्या स्टेजवर दादांच्या गाण्याची ओळखीची चाल घेऊन एखादा पोरगा स्वतःचे शब्द म्हणायलाय, तर तिथं दुसरा मान डोलावत म्हणतो वा, काय कव्हर केलंय दादांचं. दोघंही मनापासून बोलायलेत आणि दोघांचंही बरोबर उलटं आहे. पहिलं कव्हर आहे, दुसरं नाही. हा घोळ इतक्यांदा ऐकलाय की आता एकदा नीट मांडूनच टाकतो.

कव्हर काय असतंय ते तुम्हाला माहितीय, त्यावर वेळ घालवत नाही. गाणं आधीचं, गाणारा नवा. लय वाढवा, पेटीच्या जागी कीबोर्ड घ्या, बाईनं गायलेलं पुरुषानं गा, गाणं ज्याचं होतं त्याचंच राहतंय.

रिमिक्सचंही दोन ओळीत उरकतो. रिमिक्समध्ये जुनं रेकॉर्डिंगच उचललेलं असतं, आवाज तोच, खालचा ठेका बदललेला. कव्हरला कोणाला तरी उभं राहून नव्यानं गावं लागतं. मिरवणुकीत डीजेवर वाजतंय ते यातलं काय हे ओळखायचं असलं तर आवाज ओळखा, विषय संपला. यात कोणी फारसं फसत नाही.

फसतात ते चालीवरच्या गाण्यात.

आमच्याकडच्या गायन पार्ट्या ज्यांनी जवळून बघितल्यात त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. समोर गाव बसलेलं असतंय, कोरसवाली पोरं दोन दिवसांपूर्वी जमवलेली असतात, आणि कवीला आजच्या घटनेवर आजच गाणं म्हणायचं असतंय. मग तो लोकांच्या कानात आधीच बसलेली एखादी चाल घेतो, सिनेमाची, कव्वालीची, भजनाची, नाहीतर दादांच्याच एखाद्या गाण्याची, आणि तिच्यावर आपले शब्द बांधतो. चाल माहितीची असली की दुसऱ्याच ओळीला पब्लिक टाळी धरतंय आणि लोकांचं सगळं ध्यान शब्दांकडं राहतं. आंबेडकरी जलशांच्या काळापासून हे चालत आलंय आणि यात कमीपणा काडीचा नाही, दादांनी स्वतः सुरुवातीला सिनेमाच्या चालींवर शब्द बांधलेत. पण असं बांधलेलं गाणं हे त्या नव्या कवीचं नवं गाणं असतं. त्याला कव्हर म्हटलं की दोन माणसांवर अन्याय होतो, ज्यानं रात्रभर बसून शब्द जुळवले त्याचं काम तुम्ही शून्य केलं, आणि जे दादांनी कधी म्हटलंच नाही ते त्यांच्या नावावर चढवलं. दुसरं जास्त घातक आहे. कारण दहा वर्षांनी तेच शब्द कोणीतरी दादांचे म्हणून भाषणात वापरतं.

आता खरा प्रश्न. लोकं उलटं का समजतात? कारण कान चाल आधी पकडतो आणि शब्द नंतर. पेटीनं पहिले चार सूर वाजवले की आपण म्हणून मोकळे होतो, अरे हे तर ते गाणं. आणि सिनेमाच्या गाण्यात ही सवय चालूनही जाते, तिथं एका गाण्याला एकच चाल असते, एका संगीतकारानं बांधलेली, एकदा रेकॉर्ड झालेली. दादांच्या गाण्याचं तसं नाही. देशवंडीचा, सिन्नर तालुक्यातला, १९२२ चा जन्म असलेला हा माणूस गावोगाव फिरून गायला, गाणी वहीतून वहीत उतरवून घेतली गेली, आणि ज्या पार्टीनं घेतलं तिनं आपल्या गायकाच्या पट्टीला आणि ढोलकीवाल्याच्या हाताला जमेल तशी चाल लावली. आपल्यातल्या बहुतेकांनी ही गाणी आधी दुसऱ्याच कोणाच्या आवाजात ऐकलीत आणि मग त्या आवाजातल्या चालीला आपण ओरिजनल म्हणायलोत. जी पहिल्यांदा कानावर पडली ती ओरिजनल, हा काही निकष झाला का?

एक करून बघा. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' ही दादांची ओळ सगळ्यांना पाठ आहे. आता इक्बालच्या 'सारे जहाँ से अच्छा'ची चाल मनात धरा आणि त्यात ही ओळ म्हणा. तंतोतंत बसते, एक अक्षर ओढावं लागत नाही की गिळावं लागत नाही. कारण दोन्हींचा साचा एकच आहे, गागाल गालगागा, गागाल गालगागा (गा म्हणजे लांब अक्षर, ल म्हणजे आखूड). मराठीत त्याला आनंदकंद वृत्त म्हणतात. म्हणजे या वृत्तात बांधलेली कोणतीही चाल या शब्दांना चालते आणि या शब्दांची कोणतीही चाल त्या वृत्तातल्या दुसऱ्या कोणत्याही शब्दांना चालते. आता मला सांगा, ही ओळ तुम्ही त्या चालीत म्हटली म्हणून ती इक्बालची झाली का? नाही ना. दादांची ओळ दादांचीच राहिली. मग उलट बाजूनं, दादांच्या चालीत मी माझी ओळ म्हटली तर ती दादांची कशी होईल?

आणि त्याच गाण्याची गंमत बघा, इक्बालनं ती गझल लिहिली १९०४ ला, आणि आज शाळेशाळेत जी चाल ऐकू येते ती रविशंकरांनी बांधली १९४५ ला. मधली चाळीस वर्षं काय गाणं नव्हतं का? होतंच. शब्दात होतं.

हे आपल्याला नवीनही नाही, निदान मराठवाड्यात तरी नको होतं. नामदेव आमच्या नर्सीचे, जनाबाई गंगाखेडची, एकनाथ पैठणचे. या तिघांची गाणी शेकडो वर्षं कुठल्या एका चालीनं टिकली नाहीत. 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' म्हटलं की आज डोक्यात भीमसेन जोशी वाजतात, पण ती चाल राम फाटकांची आहे, नामदेवांचा अभंग त्याच्या सहाशे वर्षं आधीचा. आणि अजूनही एखाद्या गावच्या भजनी मंडळात बसा, तिथं तोच अभंग साध्या भजनी ठेक्यात निराळ्याच चालीत म्हणतात. त्यांना कोणी म्हणत नाही की हा नामदेवांचा अभंग नाही. अभंगाच्या बाबतीत जे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आपसूक कळतंय ते दादांच्या बाबतीत शिकलेल्या पोरांना काहून कळंना?

अभंगात ते कळतं त्याचं एक कारण शेवटच्या कडव्यात आहे. नामा म्हणे, दासी जनी, एका जनार्दनी. लिहिणाऱ्याचं नाव गाण्याच्या आतच विणलेलं, चाल बदला, गायक बदला, नाव निघत नाही. दादांनी तेच केलं. त्यांच्या कितीतरी गाण्यांत शेवटाला 'वामन' येतो. मोठेपणी अक्षरओळख शिकलेला माणूस आहे हा, पुस्तकाच्या कव्हरवर नाव छापून येईल याची वाट बघत बसला नाही, गाण्यातच नाव ठेवून दिलं. म्हणून गाणं कोणाचं यावर वाद झाला की चालीकडं जाऊच नका, थेट शेवटच्या कडव्याला जा.

आणि इथंच माझं डोकं फिरतं. आजकाल वेळ नाही म्हणून गाणी कापतात, मुखडा आणि दोन कडवी, बास, खाली उतरा. कापायचं असलं तर मधलं कापा ना! शेवटचं कडवं कापलं की गाण्यातून माणूस गेला. मग तेच गाणं रेकॉर्ड होतं, खाली गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' किंवा 'लोकगीत' टाकलं जातं, आणि पुढचा गाणारा ते बघून बिनधास्त आपलं नाव लावतो. दादा १५ मे २००४ ला गेले. आपल्याकडं लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे २०६४ संपेपर्यंत. लोकांनी लाडानं लोककवी म्हटलं म्हणून गाणी बेवारस होत नसतात. आणि जे शेवटच्या कडव्यातलं नाव काढून तिथं मात्रा जुळवून स्वतःचं नाव घालतात, ते कव्हरही नाही आणि चालीवरचं गाणंही नाही, ती सरळ चोरी आहे, तिच्यासाठी तिसरा प्रकार शोधत बसू नका.

कायद्याचं निघालंच आहे तर तेवढं सांगतो, कारण तिथं ही विभागणी स्वच्छ आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा शब्द वेगळे धरतो, चाल वेगळी धरतो आणि रेकॉर्डिंग तिसरं. तीन वस्तू, मालकही तीन असू शकतात. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजनं जुन्या सिनेमाची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात कॅसेटी काढल्या, घरोघर त्या होत्या, ती सगळी कव्हरंच, रेकॉर्डिंग नवं आणि शब्द-चाल जुनी. पुढं २०१२ ला कायद्यात कव्हरसाठी खास कलम आलं, ३१सी. पहिलं रेकॉर्डिंग निघालं त्या वर्षानंतर पाच वर्षं थांबायचं, किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं, आणि मूळ शब्दांत किंवा चालीत गरज नसताना फेरफार करायचा नाही. म्हणजे त्या सोप्या परवान्यात चालीवरचं गाणं बसतच नाही, शब्दच बदललेत तर कव्हर कसलं. आणि दादांच्या शब्दांना नवी चाल लावून विकायची तर शब्दांच्या हक्कदाराची परवानगी रीतसर घ्यावी लागेल. पण कायद्यात परवाना कोणता लागतो हा एक प्रश्न, आणि गाणं कोणाचं हा दुसरा. आपण भांडतो ते दुसऱ्यावर, आणि तिथं माझं म्हणणं पक्कं आहे. दादांच्या गाण्यात गाणं म्हणजे शब्द.

याचा अर्थ कोणतंही कव्हर चांगलं असतंय असा कोणी काढू नका. शब्द जसेच्या तसे असूनही गाणं मारता येतं. ते 'पाच लोक' वालं गाणं घ्या. ते आनंदाचं गाणं नाहीच, ते आपल्यालाच विचारलेलं आहे, आपण बाबासाहेबांच्या मताचे खरंच आहोत का म्हणून. ते डबल लयीत, ऑक्टोपॅडवर, प्रत्येक ओळीनंतर एको टाकून नाचायला वाजवलं की त्यातली तक्रार ऐकूच येत नाही. मला ते पेटी, ढोलकी आणि दोन कोरसवाले एवढ्यावर, मध्यम लयीत, 'असते' वर जरा थांबून म्हटलेलं पाहिजे. तो 'असते'च सगळं गाणं आहे, असते म्हणजे नाहीत. जो गायक तिथं घाई करतो त्याला गाणं कळलेलं नाही असं मी तोंडावर सांगतो. तरीपण तेही कव्हरच, वाईट कव्हर. वाईट आहे म्हणून 'हे दादांचं नाही' असं म्हणता येत नाही, आणि उलट एखाद्या पोरानं दादांच्या चालीवर बांधलेलं गाणं अंगावर काटा आणणारं असलं तरी ते दादांचं होत नाही. त्या पोराचं नाव विचारा आणि त्याच्या नावानं टाळ्या वाजवा.

राहिली ती मधली भानगड. मुखडा दादांचा आणि खालची कडवी नवी, हे फार चाललंय सध्या. गायक सांगतात आम्ही दादांना पुढं नेलं. मी याला कव्हर धरत नाही. मुखडा हा सगळ्यात ओळखीचा भाग, तो घेतला की लोकं आत येतात, आणि आत तुमचं सामान असतंय. ज्याला करायचं त्यानं करावं, पण मुखडा संपला की माईकवर सांगावं, इथून पुढं शब्द अमक्याचे. दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. सूत्रसंचालक आहेरवाल्यांची नावं दहा दहा मिनिटं वाचतो, तिथं तेवढी जागा नक्की निघते, आणि आयोजकांनी गायन पार्टी ठरवतानाच बयाण्याबरोबर ही अट घालावी.