वन्यजीव मंजुरी

धरण, रस्ता, रेल्वेमार्ग, खाण किंवा वीजवाहिनी यांसारख्या प्रकल्पाचा वन्य प्राण्यांवर, विशेषतः दुर्मीळ व संकटग्रस्त प्रजातींवर, काय परिणाम होईल हे तपासून परवानगी देणारी, नाकारणारी किंवा अटी घालणारी भारतातील शासकीय प्रक्रिया. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा तिचा आधार. पर्यावरण मंजुरी आणि वनजमिनीच्या वापराची मंजुरी यांपासून ती वेगळी आहे. एकाच प्रकल्पाला कधीकधी तिन्ही घ्याव्या लागतात.

अभयारण्यातील प्रकल्पाचा प्रस्ताव मुख्य वन्यजीव रक्षकाच्या अभिप्रायासह राज्य वन्यजीव मंडळाकडे जातो आणि तिथून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाकडे. पंतप्रधान या मंडळाचे अध्यक्ष असले तरी निर्णय प्रत्यक्षात केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समिती घेते. व्याघ्र प्रकल्प आणि त्यांना जोडणारे भ्रमणमार्ग यांच्या बाबतीत २००६ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्लाही घ्यावा लागतो. कायद्याचे कलम २९ वाचले, तर अभयारण्यातील अधिवासाला हात लावण्याची मुभा केवळ तेथील वन्यजीवांच्या भल्यासाठी आहे. महामार्गाने वाघाचे कोणते भले होते, हे मात्र फायलीत कुठे सापडत नाही. समितीने प्रस्ताव साफ नाकारल्याची उदाहरणे थोडी; रिवाज अटी घालून मंजूर करण्याचा.

या व्यवस्थेचे मूळ दुखणे असे की तपासणी प्राणी कुठे आहे यावर सुरू होत नाही, जमिनीची हद्द कुठे आहे यावर होते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने संघराज्याच्या प्रत्येक खात्याला आपल्या प्रकल्पाने संकटग्रस्त प्रजातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही याची खात्री करून घ्यावी लागते. प्रकल्प अभयारण्यात आहे की बाहेर, हा प्रश्न तिथे दुय्यम. आपल्याकडे मात्र तोच पहिला. कोकणातले कातळसडे, म्हणजे खडकाळ पठारे, आणि दख्खनचे गवताळ माळ सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीस अयोग्य) किंवा पडीक म्हणून लागलेले असतात. अशा जमिनीवर कोण राहते, हे विचारण्याची पाळी सहसा येतच नाही.

माळढोक पक्षी हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या परिसरात त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, ते तब्बल ८,४९६ चौ. किमी.चे. शेते, गावे, वस्त्या सगळेच आत आल्याने लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले आणि राग पक्ष्यावर निघाला. पुढे हद्द १,२२२ चौ. किमी.पर्यंत आक्रसली, आता तिथे एखाददुसरा माळढोक दिसला तरी बातमी होते. उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानच्या थर भागात आहेत. तिथला मोठा धोका उच्चदाब वीजतारांचा. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, शरीर जड असल्याने ऐन वेळी वळता येत नाही आणि तो तारांवर आदळतो. या तारा मुख्यतः सौर व पवन प्रकल्पांच्या आहेत, आणि हे प्रकल्प पर्यावरण मंजुरीच्या यादीतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या प्रदेशातील वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. सुमारे ९९,००० चौ. किमी.वर लागू होणारा हा सरसकट निर्बंध न्यायालयानेच मार्च २०२४ मध्ये मागे घेतला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

अभयारण्याबाहेरील प्रजातींचा विचार व्हायचा तो पर्यावरण मंजुरीसाठीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या पर्यावरण आघात मूल्यांकनात. अहवाल प्रकल्पधारकाने नेमलेला आणि त्यानेच पैसे दिलेला सल्लागार लिहितो. बहुतेक प्रकल्पांना एकाच हंगामाची पाहणी पुरते, तीही पावसाळा सोडून. सह्याद्री आणि कोकणासाठी याहून चुकीचा हंगाम शोधून सापडणार नाही. सड्यावरची दिपकाडी आणि सीतेची आसवे ही फुले, बेडूक, देवगांडूळ हा बिनपायाचा उभयचर हे सारे पावसातच दिसते. मार्चमध्ये जाणाऱ्याला करपलेला कातळ दिसतो आणि तसेच तो लिहितो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालाची तर कमाल होती. त्यातला मजकूर रशियातील खाणीच्या अहवालावरून उतरवलेला निघाला, स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांसकट.

रेल्वेमार्ग याही अधिसूचनेत येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वन्यजीव मंजुरी हीच मुख्य चाळणी उरते. गोव्यातील भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जाणारे रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी हे तीन प्रकल्प वेगवेगळे मांडले गेले व वेगवेगळे मंजूर झाले. एकाच जंगलावर तिघांचा मिळून काय भार पडेल, हे पाहणे कोणाच्याच वाट्याला आले नाही. गोव्यात मोठे आंदोलन उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाला वनविषयक खटल्यांत साहाय्य करणाऱ्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या अहवालानंतर मे २०२२ मध्ये न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

अटी नेमक्या असल्या आणि पाळल्या गेल्या तर काय होते, याचा दाखला नागपूर–सिवनी महामार्गावर आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जाणाऱ्या या रस्त्याचे रुंदीकरण न्यायालयात अडकले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ बांधकामे झाली. सर्वांत लांब ७५० मीटरचे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरा ट्रॅप लावले. चितळ, रानडुक्कर, रानकुत्री अशा १८ प्रजाती त्यांत टिपल्या गेल्या आणि ११ वाघ मिळून ८९ वेळा ये-जा करताना दिसले. लांबी, उंची आणि जागा प्राण्यांच्या वहिवाटा पाहून ठरवल्याचा हा परिणाम. खर्च जास्त म्हणून ही मोजमापे कमी करण्याचा आग्रह प्रकल्प यंत्रणा बहुतेक ठिकाणी धरतात, आणि अटी प्रत्यक्षात पाळल्या का हे तपासायला वनखात्याकडे माणसे अपुरी असतात.