भिंगातील स्क्रूबंधन

कॅमेऱ्याच्या भिंगनळीतील भाग जोडणारे सूक्ष्म स्क्रू कंपनाने किंवा तापमानातील चढउताराने सैल होऊ नयेत म्हणून केलेली योजना. हे स्क्रू बहुधा १.४ ते २ मिमी व्यासाचे आणि जेमतेम काही आट्यांचे असतात. आवळलेला स्क्रू किंचित ताणला जातो व तो ताणच जोड धरून ठेवतो. परंतु आखूड स्क्रूला ताणण्यापुरती लांबीच नसल्याने, डोक्याखालचा रंग किंवा प्लॅस्टिक काही मायक्रोमीटर चेपले तरी ताणाचा मोठा भाग नाहीसा होतो. ॲल्युमिनियम, पोलाद व पॉलिकार्बोनेट (एक कडक प्लॅस्टिक) यांचे प्रसरणांक भिन्न असल्याने (पॉलिकार्बोनेटचा ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट) उष्णतेनेही यात भर पडते.

स्क्रू प्रत्यक्ष फिरून का सुटतो, याविषयी मतभेद होते. गुडियर व स्वीनी या संशोधकांनी १९४५ मध्ये अक्षीय (स्क्रूच्या लांबीच्या दिशेतील) भारातील बदलाला कारण मानले : भार वाढताना आटे त्रिज्येच्या दिशेने सूक्ष्म सरकतात आणि दर आवर्तनात थोडे उलट फिरणे साचत जाते. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये अक्षाला आडव्या कंपनावर भर दिला. असे कंपन आट्यांतील व डोक्याखालील घर्षण क्षणभर निष्प्रभ करते आणि आट्यांचा उतार स्क्रूला मागे फिरवतो. झूमच्या सरकत्या नळ्यांना आडवे धक्के वारंवार बसत असल्याने भिंगांच्या बाबतीत युंकर यांचे विवेचन अधिक लागू पडते. स्प्रिंग वॉशर अशा कंपनापुढे फारसा टिकत नाही, हेही त्यांच्या पद्धतीच्या चाचण्यांत दिसून आले. भिंगात त्याला जागाही नसते.

म्हणून भिंगात आट्यांत लावायची बंधनद्रव्ये वापरतात. त्यांत चपडा लाखेचे स्पिरिटातील द्रावण हे जुने असून उपकरणे व घड्याळे दुरुस्त करणाऱ्यांकडून ते छायाचित्रणात आले असावे. नेलपॉलिशही त्याच कामी येते. हवेअभावी घट्ट होणाऱ्या द्रवांचे जनकत्व सामान्यतः अमेरिकी रसायनज्ञ व्हर्नन क्रीबल यांच्याकडे, १९५३ च्या सुमारास, दिले जाते. तथापि असे द्रव्य त्याआधीच जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. साठवणीत ते घट्ट होऊ नये म्हणून त्यातून सतत हवा खेळवावी लागे, म्हणून ते व्यवहारात आले नाही. तेव्हा क्रीबल यांचे श्रेय शोधापेक्षा द्रव्य बाटलीत टिकविण्याचे मानणे अधिक योग्य. पुढे ते लॉकटाइट या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रकारांपैकी जांभळा, कमी ताकदीचा २२२ हा बारीक स्क्रूंसाठी आहे. लाल प्रकार बहुधा तापवल्याशिवाय सुटत नाही, म्हणून भिंगात तो वर्ज्य समजावा. हे द्रव्य पितळेवर लवकर, तर स्टेनलेस पोलाद व ॲनोडाइज्ड (विद्युत्प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढविलेल्या) ॲल्युमिनियमवर सावकाश घट्ट होते. न सुकलेला द्रव पॉलिकार्बोनेटला तडे पाडू शकतो. तेथे लाखच बरी. सायनोॲक्रिलेटच्या (झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या) वाफेने काचेवर पांढरी पुटे चढतात.

गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो व हवेत मीठ असते. शिगमो, जत्रा वा लग्ने टिपणाऱ्यांचा कॅमेरा दुचाकीच्या डिकीतून फिरतो, त्यामुळे कंपनही कमी नसते. मात्र येथे स्क्रू सैल होण्याइतकाच तो जखडण्याचा प्रश्न असतो, कारण खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियममधील पोलादी स्क्रूभोवती गंज धरतो. आट्यांतील पोकळी भरणारे बंधनद्रव्य ओलावाही अडविते, हा त्याचा येथे अधिक मोलाचा गुण होय.

जखडलेल्या स्क्रूवर लाख असल्यास स्पिरिट, नेलपॉलिश असल्यास ॲसिटोन सुईच्या टोकाने लावतात. प्लॅस्टिकजवळ ॲसिटोन टाळतात. जपानी बनावटीच्या भिंगांतील अधिकचिन्ही खाचा फिलिप्स खाचांसारख्या दिसल्या तरी त्यांचा आकार वेगळा असतो व फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांतून निसटून डोके झिजवतो. भिंगगट मध्यावर आणणाऱ्या समायोजन-स्क्रूंना जुळणी तपासून झाल्यावरच द्रव्य लावतात.